हे लावू का?

तुम्हांला हाक काय मारायची, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. लग्नात कुणीतरी म्हणालं होतं, "आता यांनाही आई म्हणायचं हं." मी मान हलवली आणि त्यानंतर काहीच म्हटलं नाही. तुम्ही स्वयंपाकघरात असलात की मी दारात येऊन घसा खाकरायचो. फोनवर "हं, मी बोलतोय" एवढ्यावर भागायचं. मुलं झाल्यावर तर सोयच झाली. "आज्जीला सांग", "आज्जीला विचार", असं मुलांच्या आडून बोलता यायला लागलं. तुमच्या ते लक्षात आलं नसेल असं मी धरून चाललो होतो. लक्षात आलं असणार. तुमच्या लक्षात काय येत नव्हतं?

तुम्ही मात्र मला नेहमी नावाने हाक मारायचात. सुहासराव. त्यातला 'राव'सुद्धा घाईत गिळायचा नाहीत.

परवा तुमचं तेरावं झालं. मृणालच्या मामांनी पेपरात चौकट दिली. जन्म, नोकरी, मागे मुलगी, जावई, दोन नातवंडं. त्यात चुकीचं काही नाही. पण मला जे सांगायचंय ते त्या चौकटीत बसणारं नव्हतं, आणि खरं तर ते तुमच्यासमोर बसून सांगायचं होतं. तुम्ही हॉलमध्ये माझ्यापासून चार हातांवर बसलेल्या असायचात. मी सांगितलं नाही. मी कमी बोलतो. लोक याला स्वभाव म्हणतात, मीही तेच म्हणत आलो. आता मला वाटतं की ती सवय होती, आणि मला ती सोयीची होती.

चिकटवहीचं सांगतो.

रेवा चार वर्षांची असताना तिने विचारलं होतं, "मी यायच्या आधी या घरात कोण राहायचं?" मृणाल हसली. तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्या दिवशी स्टेशन रोडच्या स्टेशनरीवाल्याकडून मोठ्या आकाराच्या दोन ड्रॉइंगच्या वह्या आणल्यात आणि गोधडीच्या दोऱ्याने एकीला एक शिवून टाकल्यात. मी मृणालला म्हटलं, हल्ली तयार मिळतात, रंगीत, स्टिकरसकट. तुम्ही आतून ऐकलंत. "बघितल्या मी. सगळ्या पानांवर टेडी बेअर आहेत. आपल्या घरात टेडी बेअर कुणाला आठवतोय?"

रविवारी दुपारची जेवणं झाली की हॉलमध्ये जुने पेपर अंथरले जायचे. पातेल्यात मैद्याची खळ. बाइंडर लोक त्यात मोरचूद घालतात म्हणजे किडे लागत नाहीत, हे तुम्हांला माहीत होतं. पण ते विषारी, आणि धाकटा ओम बोटं चाटायचा, म्हणून तुम्ही ते कधी घातलं नाही. त्याऐवजी आमच्या कॉम्प्लेक्सच्या, पूनम सागरच्या, बागेतून कडुलिंबाचा पाला आणून पानापानांत ठेवायचात. पान चिकटवून झालं की वही लगेच मिटायची नाही. थोडं सुकू द्यायचं, मग वर कोरा कागद ठेवून वही स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याखाली दाबून ठेवायची. सोमवारी सकाळी काढायची. सोमवारच्या डब्याचा भात करताना तुम्ही डबा उचलायचात आणि वही बाहेर यायची.

मी हे सगळं सोफ्यावरून बघायचो. खाली बसलो नाही. गुडघ्यांचं कारण सांगायचो. गुडघे तेव्हा ठीक होते.

पहिलं पान वरणाचं होतं. तुम्ही चमचाभर वरण कागदावर ओतलंत, पुसलंत आणि पिवळा डाग वाळू दिलात. मला वाटलं, काय हे. मग तुम्ही रेवाला सांगायला लागलात. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवायचं नाही, ही तुमच्या माहेरची रीत. आमचं लग्न उशिरा झालेलं, मूल त्याहून उशिरा. त्या सगळ्या वर्षांत तुम्ही परळहून मीरा रोडला यायचात, कोथिंबिरीच्या वड्या आणायचात, आम्ही खायचो, तुम्ही चहा घेऊन परत जायचात. मी एकदाही म्हटलं नाही की राहू द्या ती रीत, दोन घास खाऊन जा. मृणाल म्हणायची. मी टीव्ही बघायचो. रेवाच्या बारशाच्या दिवशी तुम्ही आमच्याकडे पहिल्यांदा पानावर बसलात. वरणभात, लिंबाची फोड. हे ऐकून रेवाने जे वाक्य सांगितलं ते तुम्ही डागाखाली लिहिलंत: 'मी आले म्हणून आज्जीला जेवायला मिळालं.'

मूल सांगेल ते जसंच्या तसं लिहायचं, हा तुमचा एकच हट्ट होता. त्यावरून आपली बारीकसारीक चकमक व्हायची. चकमक म्हणजे मी सोफ्यावरून एक वाक्य टाकायचो आणि तुम्ही ते उडवून लावायचात. ओमने बागेत गुडघा फोडून घेतला होता. पट्टीचा तुकडा चिकटवून तो म्हणाला, "मी झूल्यावरून गिरलो." मी म्हटलं, "झोपाळ्यावरून पडलो, असं लिहा."

"तो पडला नाही," तुम्ही म्हणालात. "तो गिरला. मी काय करू?"

मृणाल इतकी हसली की तिला ठसका लागला. ओम तर खूश होऊन पुन्हा पुन्हा सोफ्यावरून गिरून दाखवायला लागला. मीही हसलो होतो. पेपरामागे.

फोटोंचं काम तुम्ही एकट्या करायचात. आमचे सगळे फोटो फोनमध्ये. तुम्ही ते निवडून स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे न्यायचात. एकदा मी बरोबर होतो. तो म्हणाला, "माताजी, इसमें तो बच्ची का आधा चेहरा कट गया है. दूसरा दो."

"आधाच चाहिए," तुम्ही म्हणालात. "बाकी का आधा उसको मालूम है."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. त्याने प्रिंट काढून दिली. त्या पानावर रेवाचं अर्धं तोंड आहे आणि उरलेलं अर्धं तिने स्वतः खडूने काढलंय, एक डोळा कपाळावर.

आणि ते खवल्यांचं प्रकरण. भाईंदरची मासेवाली दारावर यायची तेव्हा रेवाला खवले हवे होते. ती बाई म्हणाली, "कशाला गो पायजेत पोरीला?" तुम्ही सांगितलंत, वहीत लावायला. ती पाटीवर हात मारून हसली. "ने की. खवलं फुकट हायेत, मावरा फुकट न्हाय." तुम्ही दोघींनी, म्हणजे तुम्ही आणि रेवाने, ते धुऊन, वाळवून, एक मोठा पापलेट तयार केलात. बुधवारपर्यंत घरभर वास. मुंग्यांची रांग थेट तांदळाच्या डब्यापर्यंत. वही बाल्कनीत कपड्यांच्या दोरीवर दोन चिमट्यांनी लटकली. शेजारच्या भावनाबेन नाकाला पदर लावून विचारायला आल्या, "आंटी, कुछ मर गया है क्या?" तुम्ही त्यांना आत बोलावून ते पान दाखवलंत. शाकाहारी बाई, पण पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन आल्या दाखवायला.

हे सगळं लिहिताना मला बरं वाटतंय, म्हणून मी त्यात रमलोय. मुद्द्यावर येतो.

गेल्या दिवाळीच्या आधी तुम्ही मुलांकडून 'आपल्या घरातली माणसं' करून घेतलीत. प्रत्येकाला एक पान. तुमच्या पतीच्या पानावर चहाच्या कपाचा गोल होता. ते कप नेहमी पेपरावर ठेवायचे म्हणून तुम्ही मुद्दाम ओला कप ठेवून उठवलेला. मृणालच्या पानावर तिच्या बँकेची पावती, मागे तिने केलेली भाजीची यादी. माझ्या पानावर माझ्या ऑफिसच्या जुन्या ओळखपत्राची निळी पट्टी. पट्टीखाली रेवाचं वाक्य. 'बाबा घरी आले की आम्ही हळू बोलतो.'

मी ते एका शनिवारी दुपारी वाचलं. घरात कुणी नव्हतं, तुम्ही सगळे खालच्या बागेत होतात. मी विमा कंपनीत दावे तपासतो. कागद वाचायचा, खरं-खोटं ठरवायचं, शिक्का मारायचा. हे वाक्य वाचून मला पहिल्यांदा वाटलं की हे खोटं आहे. मी कधी आवाज चढवत नाही. मुलांवर हात उचललेला नाही. मग हळू का बोलायचं? मग वाटलं की खरं असेल तर फारच वाईट आहे. दोन्ही बाजूंनी ते वाक्य मला नको होतं. कपाटात रेवाच्या वाढदिवसाचा एक मोठा चकचकीत फोटो होता. मी पांढऱ्या शर्टात, हसतोय, दोन्ही मुलं कडेवर. मी तो आणला आणि वाक्यावर, पट्टीवर, सगळ्यावर बसवला. खळ नव्हती, म्हणून प्लंबर ठेवून गेलेल्या ट्यूबमधला डिंक वापरला. लावला तो लावलाच. सुकायलाही वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी पानं उलटताना तुमचा हात तिथे थांबला. मृणाल पार्लरला गेली होती, रेवा आत कपाटात काहीतरी शोधत होती. ओम तुमच्याजवळ बसून बोटांवरची खळ सोलत होता.

"हे पान कुणी बदललं?"

"फोटो चांगला होता. पडून होता," मी म्हटलं.

"फोटो चांगलाच आहे. पण खाली रेवाचं वाक्य होतं."

"तसलं काही नको वहीत. उद्या मोठी होऊन वाचेल."

"वाचू दे की. तिचंच आहे." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "तिने तक्रार नव्हती केली, सुहासराव. दिसलं तसं सांगितलं. तुम्ही तिला विचारा ना, का म्हणाली ते. तुमच्याशी बोलायला आवडेल तिला."

हे तुम्ही चांगल्या मनाने म्हणालात, हे मला त्या क्षणीही कळत होतं. कदाचित म्हणूनच. मी म्हटलं, "माझ्या घरात कुठे काय चिकटवायचं ते मी ठरवीन."

आवाज चढवला नव्हता. अगदी हळू म्हणालो होतो.

मुलीच्या घरी इतकी वर्षं न जेवलेल्या बाईला मी हे म्हणालो. परळची खोली बिल्डरकडे गेलेली, नवी बिल्डिंग वर येत नाही म्हणून जी आमच्याकडे राहिली, आल्या दिवसापासून जिची बॅग पलंगाखाली भरलेली होती, आणि कुणी विचारलं तर जी म्हणायची, "माझं काय, ताबा मिळाला की निघाले," तिला. तुम्ही ओल्या फडक्याने बोटं पुसलीत. खळीवर ताटली ठेवलीत. "बरं," म्हणालात. एवढंच.

त्या आठवड्यात तुम्ही बॅग घेऊन परळला गेलात. काम कुठवर आलंय ते बघून येते, दोन दिवस तिथल्या मैत्रिणीकडे, कुसुमकडे राहते, असं मृणालला सांगितलंत. परत आलात तेव्हा मृणालने विचारलं, "किती झालंय गं?" तुम्ही म्हणालात, "अजून खांबच आहेत." बॅग परत पलंगाखाली गेली. मी हे सगळं ऐकत होतो. मृणालने रात्री मला विचारलं, "आईला काही बोललास का?" मी म्हटलं, "मी काय बोलणार?" माझ्या बाबतीत हे कुणालाही पटतं.

आणि पुढच्या रविवारी ते सुरू झालं.

पेपर अंथरलेले. मुलं बसलेली. तुमच्या हातात आपल्या म्युनिसिपालिटीच्या बसचं तिकीट. तुम्ही मान वर करून म्हणालात, "सुहासराव, हे लावू का?"

मी म्हटलं, "हं."

मग वरसाव्याच्या पुलावर काढलेला खाडीचा फोटो. "सुहासराव, हे लावू का?" रेवाच्या हरवलेल्या चपलेचा उरलेला पट्टा. भावनाबेनने दिलेल्या साडीच्या काठाचा तुकडा. वाळलेलं कढीपत्त्याचं पान. दर वेळी. टोमणा नव्हता त्यात, मी फार शोधला. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही खरोखर विचारत होतात. घर ज्याचं त्याला विचारायचं, असं तुम्ही ठरवून टाकलं होतंत आणि ते तुम्ही पाळत होतात, जशी ती जेवणाची रीत पाळलीत तशीच.

स्पष्टच लिहायचं तर पहिले एकदोन रविवार मला ते बरं वाटलं. नंतर लाज वाटायला लागली. त्यानंतर सवय झाली, आणि मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे. वर न बघता "हं" म्हणायला लागलो. एक वाक्य बोलायचं होतं. 'अहो, मला विचारू नका, हे घर तुमचंही आहे.' हे वाक्य मी शेअर रिक्षात कितीदा जुळवलंय. मीरा रोड स्टेशनपासून पूनम सागरपर्यंत ते तयार व्हायचं, लिफ्टमध्ये पक्कं व्हायचं. दार तुम्ही उघडायचात. "आलात? चहा ठेवते." आणि मी चपला काढून आत.

शेवटचं तुम्ही मला जे विचारलंत तेही तेच होतं. रेवाच्या गॅदरिंगचा पास होता तुमच्या हातात. मी "हं" म्हटलं. त्या आठवड्यात एका सकाळी तुम्हांला स्वयंपाकघरात अस्वस्थ वाटलं आणि दुपारपर्यंत तुम्ही नव्हतात. म्हणजे तुमच्यामाझ्यातला शेवटचा शब्द 'हं' आहे.

मला वाटलं होतं की हे एवढंच आहे. एक न बोललेलं वाक्य, ते घेऊन मी राहीन, कुणाला कळणार नाही. मी तसा राहू शकतो, मला जमतं.

पण काल रविवार होता. जेवणं झाल्यावर रेवाने पेपर अंथरले. कुणी सांगितलं नव्हतं. मृणाल आत पडली होती. रेवा म्हणाली, "बाबा, खळ कर."

"मला येत नाही."

"मी सांगते. गॅस बारीक ठेव आणि ढवळणं थांबवायचं नाही."

मी थांबवलं असणार. गाठी झाल्या. रेवाने पातेल्यात बघून तोंड वाकडं केलं, पण चालेल म्हणाली. मी पहिल्यांदा खाली बसलो. तुमचं पान रिकामंच होतं. प्रत्येकाचं झालं होतं, तुमचं राहिलं होतं. तुम्ही म्हणायचात, माझं शेवटी करू. ओम आत गेला आणि तुमच्या चष्म्याच्या डबीतलं पिवळं फडकं घेऊन आला. रेवा पेन घेऊन बसली. तुमच्यासारखीच, टोपण दातात.

"वाक्य सांग," ती म्हणाली.

ओमने विचार केला. "याने आज्जी चष्मा पुसायची आणि मग मला ओळखायची."

रेवाने लिहिलं. मग ओमने फडक्याला खळ लावली, दोन्ही हातांनी ते पानावर धरलं आणि मान वर केली. अगदी तुमच्यासारखी. तुमच्याच आवाजात, 'राव' पूर्ण उच्चारून तो म्हणाला, "सुहासराव, हे लावू का?"

तो थट्टा करत नव्हता. पाच वर्षांचा आहे. त्याला वाटतं की वहीचा तो नियमच आहे. आधी वाक्य, मग खळ, मग सुहासरावांना विचारायचं, मग चिकटवायचं.

मी म्हटलं, "विचारायचं नाही. लाव."

"पण आज्जी विचारायची."

"हो."

"का?"

इथे मी नेहमीसारखं काहीतरी पुटपुटून उठू शकलो असतो. खळ आणतो, पाणी आणतो, काहीही. फडक्याखालून खळीचा ओघळ यायला लागला होता. ओम तसाच धरून बसलेला. मी म्हटलं, "मी एकदा आज्जीला वाईट बोललो. म्हटलं की हे माझं घर आहे, इथे मी म्हणेन तेच लावायचं. म्हणून ती विचारायची."

"मला माहितीये," ओम म्हणाला. "मी होतो." आणि त्याने फडकं दाबून बसवलं.

रेवाला माहीत नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली. "मग सॉरी म्हटलंस?"

"नाही."

"नंतर?"

"नंतरपण नाही."

आतल्या दारात मृणाल उभी होती. कधीची, मला माहीत नाही. तिने विचारलं, "दिवाळीच्या आधी का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "म्हणून परळला गेली होती." या वेळी मी मान हलवली. ती येऊन खाली बसली, माझ्यापासून जरा लांब, पातेलं जवळ ओढलं आणि चमच्याने गाठी मोडायला लागली. बराच वेळ मोडत होती. अजून ती माझ्याशी कामापुरतंच बोलतेय. बरोबर आहे तिचं.

रेवाने पानं मागे उलटून माझं पान काढलं. "याच्याखाली माझं होतं ना काहीतरी? मला आठवत नाही."

"बाबा घरी आले की आम्ही हळू बोलतो," मी म्हटलं. पाठ आहे मला ते.

"हां," ती म्हणाली. "तू दमलेला असायचास म्हणून. आज्जी सांगायची, बाबा दमून आलेत, हळू बोला."

एवढंच होतं. एवढं विचारायचं होतं मला तेव्हा. तुम्ही सांगितलं होतंत, विचारा म्हणून.

मी ओलं फडकं घेऊन फोटो सोडवायला बघितला. तुमची पानं पाण्याने सुटतात. तुम्ही कितीदा सोडवून, जागा बदलून परत लावलीत. माझा डिंक सुटत नव्हता. कोपऱ्याला नख घातलं तर खालचं पानच फाटायला लागलं. रेवा म्हणाली, "राहू दे. फाडू नकोस." मग तिने डब्यांवर नावं घालायचं तुमचं काळं मार्कर आणलं. पेनाने चकचकीत फोटोवर उमटत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"तू सॉरी म्हटलं नाहीस ते लिहू?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "मला विचारायचं नाही."

फोटोतल्या माझ्या पांढऱ्या शर्टावर, एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत, तिने लिहिलं: 'बाबा आज्जीला वाईट बोलला आणि त्याने सॉरी बोललाच नाही.' मी वाचलं. बदलण्यासारखं त्यात काही नव्हतं. फोटोत मी अजून हसतोच आहे. ते जरा विचित्र दिसतं, पण असू दे.

मग आम्ही पान सुकू दिलं. ओम फुंकर मारत होता. तुमच्या पानावर गाठी उठल्यात, फडकं नीट सपाट बसलेलं नाही. कडुलिंबाचा पाला संपलाय, तो उद्या आणतो. वर कोरा कागद ठेवला. मृणालने डबा उचलून धरला, मी वही सरकवली.

तांदळाच्या डब्याखाली ठेवली आहे, आई.